घरासाठी एजंट निवडताय? या चुका टाळा

पुण्यात पहिलं घर शोधताना मला भेटलेला एजंट मनमिळाऊ होता. दर रविवारी स्वतःच्या गाडीतून घरं दाखवायला न्यायचा. पाचव्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की आतापर्यंत पाहिलेली सगळी घरं दोनच बिल्डरांची आहेत.

एजंटला पैसे कोण देतं, हे न विचारणं

सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. नव्या प्रकल्पात एजंटचं कमिशन बहुधा बिल्डर देतो. त्यामुळे 'तुमच्याकडून एक रुपयाही नको' हे ऐकायला बरं वाटतं, पण जिथे कमिशन जास्त तीच साइट आपल्याला आधी दाखवली जाते. पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरा एजंट बघा.

रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या मालकाकडून घर घेताना, दलाली आपण देतो, साधारण एक ते दोन टक्के. 80 लाखांच्या घरावर या दोन आकड्यांत 80 हजारांचा फरक पडतो. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल, तर दलालीवर 18 टक्के जीएसटी वेगळा. टक्केवारी आणि पैसे कधी द्यायचे, हे घर पसंत पडण्याआधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. घर आवडल्यावर घासाघीस करायला तोंड उघडत नाही.

नोंदणी क्रमांक न तपासणं

रेरा, म्हणजे गृहप्रकल्प आणि त्यांच्या विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात एजंटचा क्रमांक 'ए' अक्षराने आणि प्रकल्पाचा 'पी' अक्षराने सुरू होतो. कार्डावर 'पी'चा क्रमांक दिसला, तर तो एजंटचा नाही. महारेरा म्हणजे या कायद्याचं राज्यातलं प्राधिकरण; त्याच्या संकेतस्थळावर नाव आणि मुदत दोन्ही पाहा, कारण नोंदणी पाच वर्षांचीच असते. महारेराने 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सुरू केली. ते प्रमाणपत्र मागायला संकोचू नका.

घाईघाईत टोकन देणं

'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय' एवढं ऐकून मी 50 हजार रोख एजंटच्या हातात ठेवले, पावतीही घेतली नाही. नंतर कळलं, फ्लॅटवर बँकेचं मोठं कर्ज होतं आणि मालकाला ते फेडणं जमणार नव्हतं. पैसे परत मिळायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत घरात दुसरा विषय नव्हता.

टोकन द्यायचंच तर थेट मालकाच्या खात्यात द्या आणि विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी करार, करा. कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत, ही अट त्यात हवीच. त्याआधी इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला), सोसायटीची थकबाकी आणि कर्जाची स्थिती पाहा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या मिळकतीचे नोंदलेले दस्त शोधता येतात. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

वकील मात्र एजंटने सुचवलेला नको, आपला आपण शोधा.

आधीच अडकला असाल तर

पुढचे पैसे थांबवा. तोंडी दिलेली आश्वासनं तारखेसह संदेशात लिहून एजंटला पाठवा आणि उत्तर मागा. नोंदणीकृत प्रकल्पात एजंटने खोटी माहिती दिली असेल, तर महारेराकडे त्याच्याविरुद्धही ऑनलाइन तक्रार करता येते. तिथे हेच संदेश आणि बँकेचे व्यवहार कामाला येतात.