आधी गुरुजींनी कुदळ धरावी

शाळेची परसबाग कशी करायची असं नवीन शिक्षक विचारतात, तेव्हा मी आधी माझी फजिती सांगते. हर्णैजवळच्या आमच्या शाळेत पहिल्या वर्षी मी सपाट वाफे काढले. मृगाचा पाऊस असा कोसळला की भेंडीचं बी जागच्या जागी कुजलं. लाल माठाचं बी वाहत गेलं ते गडग्याशी अडकलं आणि तिथे झकास उगवलं.

तेव्हापासून गादीवाफाच. वीतभर उंच, आणि रुंदी एवढीच की मुलाचा हात दोन्हीकडून मध्यापर्यंत पोचावा. वाफे उताराला आडवे घाला, कडेने पाण्याला वाट ठेवा. खत कुजलेलंच घ्या. ताज्या शेणाने हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते. पश्चिमेकडून खारा वारा येतो, त्या बाजूला झावळ्यांचं कूड बांधा. एवढं मेच्या सुट्टीत उरकलं नाही तर जूनमध्ये चिखलात हाल होतात.

आता खरी अडचण. मुलं खणतात आणि गुरुजी सावलीत खुर्ची टाकून बसतात. असं करू नका. इथे मला ऑगस्टिन केलर आठवतात. स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातले, १८०५ सालचा जन्म, शेतकऱ्याच्या घरचे. १८३४ ते १८५६ ते तिथल्या अध्यापक विद्यालयाचे प्रमुख होते, पुढे प्रांताच्या सरकारात गेले. कॅथलिक मठ बंद करा म्हणून १८४१ साली प्रांताच्या सभेत भाषण ठोकणारे हेच, आणि स्वतः कॅथलिक! मठ बंद झाले, आणि काही वर्षांनी वेट्टिंगनच्या त्याच रिकाम्या मठात त्यांचं विद्यालय आलं. भावी मास्तर तिथेच राहायचे, अभ्यास करायचे आणि शेतातही राबायचे. मठांचं भांडण बरोबर की चूक, ते इतिहासवाल्यांनी बघावं. मास्तराच्या हाताला माती लागली पाहिजे, एवढं मी त्यांच्याकडून उचललं.

म्हणून पहिला वाफा तुमचा. मुलांसमोर स्वतः खणा, मग पाच-पाच मुलांना एकेक वाफा नेमून द्या. वाफ्याची लांबी-रुंदी त्यांनीच मोजायची, क्षेत्रफळ काढायचं, किती बी लागेल ते वहीत मांडायचं. चौथीच्या गणिताचा निम्मा भाग तिथेच होतो.

मांडवावर दोडकी, काकडी, पडवळ चढवा. पडवळ वेटोळं होऊ लागलं की टोकाला दोरीने खडा बांधायचा. खडा सुपारीएवढाच असू दे. आमच्या एका पोराने जांभ्याचा चांगला मुठीएवढा दगड बांधला, दुसऱ्या दिवशी पडवळ देठातून तुटून खाली! खडा बांधल्यावर रोज प्रार्थनेनंतर पट्टी लावून लांबी लिहायची. कुणाचं किती वाढलं यावरून भांडणं होतात, ती होऊ द्या. पडवळ कोवळं असतानाच काढा आणि पोषण आहाराच्या मावशींकडे द्या. जून झालं की आत नुसत्या बिया.