कन्सोलसमोर बसलेल्या माणसापासून लिनक्स यंत्र कसे राखावे

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या लॅबमध्ये लिनक्स यंत्रांची व्यवस्था पाहताना, नव्याने रुजू होणाऱ्या सहकाऱ्याला मी आधी एक प्रयोग करून दाखवतो. यंत्र बूट करणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या मेनूवर ‘ई’ दाबावे, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीला ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडावे आणि कंट्रोल-एक्स दाबावे; पासवर्ड न विचारताच रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, प्रॉम्प्ट हजर होतो. सिंगल-युजर मोडला (दुरुस्तीसाठीच्या बूटला) पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे, कारण या वाटेवर तो विचारलाच जात नाही.

त्यावर उपाय म्हणजे ग्रबलाच पासवर्ड लावणे. मात्र उबुंटूवर मेनूतील नोंदींना ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय दिला नाही, तर साध्या बूटलाही पासवर्ड मागितला जातो. मग उन्हाळ्यात दुपारी वीज जाऊन आली, यूपीएसने मान टाकली, की अख्खी लॅब ताटकळते. बूट होताना पासवर्ड मागणारे संपूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शनही मी याच कारणासाठी लॅबमध्ये वापरत नाही. प्रश्नपत्रिका किंवा गुण ठेवलेल्या कार्यालयीन यंत्रावर मात्र ते हवेच. पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर ग्रबचा पासवर्ड निरुपयोगी ठरतो, म्हणून बायॉसमधून (यंत्राच्या मूळ सेटिंगमधून) ती वाट बंद करून बायॉसलाही पासवर्ड द्यावा, आणि अनेक डेस्कटॉपवर मदरबोर्डवरील बॅटरी काढली की तोही पुसला जात असल्याने कॅबिनेटला कुलूप घालावे.

खरा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी (वैयक्तिक फाइलींचे फोल्डर) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या व्यवस्थेने, सर्व्हरवर ठेवल्या की यंत्रावर चोरण्यासारखे काही उरले नाही, असा समज होतो. परंतु एनएफएसच्या नेहमीच्या पद्धतीत सर्व्हर क्लायंटने सांगितलेल्या युजर-क्रमांकावर विश्वास ठेवतो. ‘रूट-स्क्वॉश’ या सर्व्हरवरील पर्यायामुळे रूटचे अधिकार तेवढे छाटले जातात, पण एका यंत्रावर रूट झालेला विद्यार्थी ‘एसयू’ ही वापरकर्ता बदलण्याची आज्ञा वापरून कोणत्याही सहाध्यायाचे रूप घेतो आणि त्याच्या फाइली सर्व्हरवरच बदलतो. स्वतःचा लॅपटॉप लॅबच्या केबलला जोडून एखाद्या यंत्राचा आयपी घेतला, तरी हेच साधते.

म्हणून एनएफएस कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या व्यवस्थेसह चालवावे, जेणेकरून सर्व्हर क्रमांकाऐवजी तिकीट (लॉगिन केल्यावर मिळणारा ओळखीचा डिजिटल पुरावा) तपासेल. तरीही रूट हाती गेलेल्या यंत्रावर लॉगिन करणाऱ्याचे तिकीट चोरता येतेच, त्यामुळे प्रात्यक्षिक परीक्षेपूर्वी मी सर्व यंत्रांवर स्वच्छ इमेज (संपूर्ण प्रणालीची तयार प्रत) पुन्हा चढवतो.