सोरॉरिटीसाठी रिक्रूटमेंटची पद्धत कशी निवडावी

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतल्या विद्यापीठांतले ‘रश’चे, म्हणजे सोरॉरिटी या मुलींच्या संस्थांत नव्या सभासद निवडण्याच्या मोसमाचे, व्हिडिओ फोनवर फिरायला लागतात. एकसारखे कपडे घातलेल्या मुली, दारात उभं राहून म्हटलेली गाणी, शेवटच्या दिवशी हातात पाकीट घेऊन धावणारा घोळका. २०२१ मध्ये अलाबामा विद्यापीठाचे असे व्हिडिओ टिकटॉकवर गाजले आणि तेव्हापासून पुष्कळांचा समज झाला की सोरॉरिटीत मुली घेण्याची रीत हीच. पण अलाबामात दोन हजारांवर मुली नाव नोंदवतात. तुमच्या कॉलेजात शे-दीडशे येत असतील, तर तोच थाट मांडून हाती दमणूक तेवढी लागेल. तिकडे शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीच्या गळ्यात रिक्रूटमेंटची, म्हणजे या निवडीची, जबाबदारी पडली, तर तिने सुरुवात व्हिडिओंपासून न करता आकड्यांपासून करावी.

आधी आपली परिषद कोणती ते बघा

सोरॉरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची, फक्त मुलींची संस्था. तिची प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समध्ये अशा २६ संस्था आहेत. रिक्रूटमेंटचे जे प्रकार मी पुढे सांगणार आहे ते यांच्यासाठीच.

कृष्णवर्णीयांनी उभ्या केलेल्या संस्थांची परिषद वेगळी. तिथे एका चॅप्टरच्या घरातून दुसऱ्याच्या घरात अशा फेऱ्या नसतात. इच्छुक मुलीने स्वतः माहिती काढून अर्ज करायचा असतो. दक्षिण आशियाई सोरॉरिटींचंही गणित निराळं. ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा आणि ऑस्टिनची कॅप्पा फाय गॅमा, दोन्ही १९९८ च्या. तिथे गट लहान असतो आणि ओळखीपाळखी, गप्पा, मुलाखती यांतून मुली येतात. तुमचा चॅप्टर यांपैकी असेल तर कोटा वगैरेच्या भानगडीत पडूच नका. तुमच्या राष्ट्रीय कार्यालयाची नियमावली हाच तुमचा रस्ता.

मग जुने आकडे काढा

विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयात, म्हणजे अशा संस्थांचा कारभार बघणाऱ्या कार्यालयात, मागच्या तीन-चार वर्षांची नोंद मिळते. किती मुलींनी नाव नोंदवलं, कितव्या फेरीला किती गळल्या, शेवटी किती उरल्या आणि कोणत्या चॅप्टरला किती मिळाल्या, एवढं कागदावर मांडा.

दोन शब्द इथे पक्के करून घ्या. एका चॅप्टरने मुख्य रिक्रूटमेंटमधून जास्तीत जास्त किती मुली घ्यायच्या, तो कोटा. नव्या-जुन्या मिळून चॅप्टरची कमाल सभासदसंख्या, ती टोटल. समजा पाच चॅप्टर आहेत आणि शेवटच्या फेरीला ९० मुली उरल्या, तर कोटा साधारण १८ चा. आता दोन चॅप्टरना १८ मिळतात आणि एकाला सहाच, असं दरवर्षी होत असेल, तर निवडीची पद्धत तुमच्या कॅम्पसला मानवत नाही असं मी म्हणेन. त्या सहावाल्या चॅप्टरच्या मुली गप्पा मारण्यात कमी पडतात, असा निष्कर्ष काढायची घाई सगळेच करतात.

आता पद्धत निवडा

मोठ्या कॅम्पसला पूर्ण आखीव पद्धत लागते. सगळ्या मुली आधी सगळ्या चॅप्टरना भेटतात, मग फेरीगणिक घरं, म्हणजे चॅप्टर, कमी होत जातात आणि शेवटच्या ‘प्रेफरन्स’ फेरीत जास्तीत जास्त दोन उरतात. पहिल्या फेरीत एका घरात अर्धा तासही मिळत नाही. एक सभासद बोलत असते, तेवढ्यात दुसरी हळूच येऊन बसते आणि पहिली उठते. समोरच्या मुलीला गाव, विषय, वसतिगृह पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. एकेका मुलीशी तीन-चार जणींचं बोलणं व्हावं म्हणून हे आखलेलं असतं, आणि त्याची तालीम आठवडाभर चालते.

या पद्धतीत दोन्ही बाजू पसंतीक्रम देतात आणि संगणक जोड्या लावतो. आपल्याकडे अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात, तशीच अट इथेही आहे. शेवटी सही करून दिलेल्या पसंतीपैकी एखाद्या चॅप्टरची बिड, म्हणजे सभासद होण्याचं आमंत्रण, आली आणि मुलीने ती नाकारली, तर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवर या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत तिला जाता येत नाही. नोंदणीच्या दिवशीच हे मुलींना स्पष्ट सांगा.

कोणत्या फेरीला किती जणींना बोलवायचं हेही चॅप्टरच्या मनावर नसतं. मागच्या वर्षांत बोलावलेल्यांपैकी किती परतल्या, यावरून आकडा ठरतो. लोकप्रिय चॅप्टरला पहिल्याच फेरीनंतर बऱ्याच मुलींना नकार द्यावा लागतो. ऐकायला क्रूर वाटतं, पण मला हे पटतं. नाहीतर ते चॅप्टर सगळ्यांना शेवटपर्यंत झुलवत ठेवतं आणि बाकीची घरं सोडून आलेल्या मुली ऐनवेळी रिकाम्या हाताने परततात.

चॅप्टर मोजकेच असतील तर अर्धआखीव पद्धत घ्या. फेऱ्या कमी, कार्यक्रम साधे, खर्च कमी; कोटा आणि जोड्या लावणं मात्र कायम. तीन चॅप्टर असलेल्या कॉलेजात चार फेऱ्या लावल्या तर मुली त्याच तीन दारांत पुन्हा पुन्हा उभ्या राहतात आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या कंटाळतात.

त्याहून लहान किंवा नव्या कॅम्पसवर सतत चालणारी रिक्रूटमेंट बरी. कोटा नाही, फक्त टोटल पाळायची. प्रत्येक चॅप्टरने आपापल्या सवडीने कॉफीला बोलवावं, एखाद्या सेवाकार्याला सोबत न्यावं, पटलं तर बिड द्यावी. यात सभासदांना वर्षभर जागं राहावं लागतं, आणि आळशी चॅप्टरचं पितळ इथे उघडं पडतं.

मुख्य पद्धत कोणतीही निवडा, टोटलच्या खाली राहिलेल्या चॅप्टरला नंतर खुल्या बिड देता येतात. ही सोय हिशेबात धरली की छोट्या चॅप्टरना पूर्ण आखीव पद्धतीची एवढी धास्ती वाटत नाही.

वेळ

वर्ग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात, की जानेवारीत? आधी घेतलं तर नव्या मुलींना लगेच मैत्रिणी मिळतात, पण गुणांसाठी फक्त शाळेचे निकाल हाताशी असतात. जानेवारीत कॉलेजच्या पहिल्या सत्राचे गुण दिसतात, मुलींनाही चॅप्टर कसे आहेत ते कळलेलं असतं. माझा कौल जानेवारीला. पुण्या-नाशिकहून व्हिसा घेऊन येणारी मुलगी जुलैत तिकीट, बँक आणि वसतिगृह यांतच अडकलेली असते. त्या काळात नोंदणी संपली तर असा काही प्रकार असतो हेच तिला सप्टेंबरमध्ये समजतं. सोरॉरिटीत भारतीय चेहरे कमी का, असं विचारणाऱ्या कॅम्पसनी आधी नोंदणीची तारीख बघावी.

शेवटी मतदान

निर्णय एकट्या चॅप्टरचा नसतो. कॅम्पसच्या पॅनहेलेनिक मंडळात प्रत्येक चॅप्टरला एक मत असतं. आकड्यांचा कागद बैठकीच्या आधीच सगळ्यांना पाठवा आणि विद्यापीठाच्या सल्लागारांना सोबत घ्या. मोठे चॅप्टर बहुधा आहे तेच राहू द्या म्हणतील, कारण त्यांचं बरं चाललेलं असतं. तेव्हा एक वर्षाचा प्रयोग म्हणून ठराव मांडा. असा ठराव लवकर मंजूर होतो. बिड वाटून झाल्या की पहिल्याच आठवड्यात मध्येच सोडून गेलेल्या मुलींना विचारा, कितव्या फेरीला सोडलं आणि का. दोन प्रश्न पुरे, त्याहून लांब फॉर्म कोणी भरत नाही.