जुना लॅपटॉप कमी खर्चात वेगवान करायचा आहे? आधी या चुका टाळा

चालू करण्याचे बटण दाबल्यापासून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत पाच-सात मिनिटे जाऊ लागली, की बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. एक तर वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतात, नाहीतर कोणीतरी सांगितले म्हणून थेट रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, विकत आणतात. पहिल्या उपायाने लॅपटॉप बहुधा आणखी मंदावतो. दुसऱ्याने कधी फरक पडतो, कधी मुळीच पडत नाही, आणि तो का पडला नाही हेही कळत नाही. लॅपटॉप नेमका कुठे अडतो आहे हे न पाहता केलेला खर्च ही या सगळ्यातली सर्वांत महाग पडणारी चूक असून, ती टाळायला दहा मिनिटे पुरतात.

निदानाआधीच खरेदी

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप नुकताच सुरू झालेला असताना, म्हणजे तो सर्वाधिक रखडत असतो त्याच वेळी, त्यातला ‘परफॉर्मन्स’ हा भाग उघडावा आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आकडे पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला आहे, पण खाली दिसणारा वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच्या पुढे सरकत नाही, असे दिसले तर दुखणे फिरत्या हार्ड डिस्कचे आहे असे समजायला हरकत नाही. डिस्क पूर्ण वेळ राबते आहे आणि तरीही हाती काहीच लागत नाही, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण त्यामागचा हिशोब सोपा आहे. लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि त्याआधी ते शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. या गतीने सेकंदाला विखुरलेल्या साधारण साठ ठिकाणची माहिती वाचून होते, तर विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली मागत असते. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यामध्ये फिरणारा भागच नसल्याने तिला एकेका ठिकाणासाठी साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. म्हणूनच हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला साधी साटा (डिस्क जोडण्याचा जुना, प्रचलित प्रकार) एसएसडी बसवली तरी तो नवा वाटू लागतो, आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर तो बहुतेक वेळा इथेच करावा असे माझे मत आहे.

मात्र डिस्कसोबत मेमरीही ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दिसते तेवढ्यावर जाऊ नये. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवरील पेज फाइलमध्ये हलवत राहते, त्यामुळे वरवर डिस्कचा वाटणारा दोष मुळात रॅमचा असू शकतो. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडे ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. रॅम वाढवल्याचे फळ मिळते ते अशा वेळी. मेमरी निम्मी रिकामीच असेल तर आणखी रॅम घालून काहीही हाती लागत नाही.

प्रोसेसरच्या आकड्यासोबत त्याचा वेगही जरूर पाहावा. एरवी २ गिगाहर्ट्झच्या वर चालणारा प्रोसेसर काम पडूनही ०.८ गिगाहर्ट्झच्या जवळपास अडकून बसला असेल, तर तो कोणीतरी मुद्दाम रोखून धरलेला आहे. काही लॅपटॉप चार्जर ओळखता आला नाही, किंवा तो कमी वॅटचा निघाला, तर प्रोसेसरचा वेग आपोआप खाली आणतात. कधी बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू राहून गेलेली असते. हा दोष एसएसडीने किंवा रॅमने जाणार नाही.

याच पानावर ‘अप टाइम’ असा एक आकडा असतो. लॅपटॉप रोज रात्री बंद करणाऱ्या माणसालाही तिथे वीस-बावीस दिवस लिहिलेले दिसते आणि तो चक्रावतो. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो. खऱ्या अर्थाने नवी सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे लागते. बंद करून पाहिले तरी उपयोग नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी एवढे करून पाहावे.

सफाईच्या नावाखाली होणारे नुकसान

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रामच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने वेग वाढत नाही. रजिस्ट्रीतल्या काही हजार निरुपयोगी नोंदी विंडोजच्या दृष्टीने नगण्य असतात, पण त्यांच्यासोबत एखादी उपयोगी नोंद उडाली तर एखादा प्रोग्राम उघडणेच बंद होते. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामे करण्याचा सल्ला अजूनही फिरत असतो. त्या फोल्डरमध्ये प्रोग्राम लवकर उघडण्यासाठीच विंडोजने करून ठेवलेली टिपणे असतात, त्यामुळे ती पुसल्यावर पुढच्या वेळी प्रोग्राम उलट सावकाश उघडतात. रॅम मोकळी करणारी सॉफ्टवेअर मजकूर रॅममधून ढकलून देतात आणि तोच मजकूर थोड्या वेळाने डिस्कवरून पुन्हा आणावा लागतो. पेज फाइल बंद करणे किंवा ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजच्या सेटिंगच्या साधनामध्ये प्रोसेसरची संख्या निवडणे हेही याच जातीचे उपाय आहेत, दुसऱ्या सेटिंगचा उपयोग प्रोसेसरवर मर्यादा घालण्यापुरता आहे आणि मर्यादा घातली नसताना विंडोज सगळे कोर वापरतेच.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही ती तपासतात आणि संथ डिस्कवर त्याचा भार चांगलाच जाणवतो. विंडोजसोबत येणारा डिफेंडर बहुतेकांना पुरेसा असतो.

खरा उपयोग होतो तो टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागाचा. तिथे ओळखीचे पण सुरुवातीलाच लागत नसलेले प्रोग्राम, उदाहरणार्थ व्हिडिओ कॉलचे, गेमचे किंवा प्रिंटरचे मदतनीस, बंद करता येतात आणि गरज पडेल तेव्हा ते हाताने उघडता येतात. टचपॅड, आवाज किंवा अँटिव्हायरसशी संबंधित नोंदींना मात्र हात लावू नये.

डीफ्रॅगमेंटेशनचा, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचा, उपाय फिरत्या हार्ड डिस्कपुरता ठीक आहे. एसएसडीला त्याची गरज नसते, उगाच लेखन वाढते. तिच्यासाठी विंडोज ‘ट्रिम’ची, म्हणजे पुसलेल्या जागा मोकळ्या झाल्याचे कळवणारी, आज्ञा स्वतःच देत असते. डिस्क आजारी असल्याची शंका असेल तर डीफ्रॅगमेंटेशन अजिबात करू नये, कारण मरणासन्न डिस्ककडून तासन्‌तास काम करून घेतल्याने ती त्याच रात्री दगावू शकते.

भाग घेताना होणाऱ्या चुका

ही चूक मी स्वतः केलेली आहे. चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा एक लॅपटॉप होता आणि हाताशी आलेली डीडीआर३ रॅम त्याच्या खाचेत अगदी नीट बसली. पिनांची संख्या तीच, २०४. खाचही त्याच जागी. बटण दाबले तर दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच राहिला. अर्धा तास मी ती रॅम काढून, पुसून, परत बसवत होतो. शेवटी तिच्यावरचा बारीक कागद वाचला तेव्हा उलगडा झाला: ती १.५ व्होल्टची डीडीआर३ होती आणि त्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल हवी होती. एका अक्षराचा फरक होता. तेव्हापासून मी आधी जुनी रॅम बाहेर काढून तिच्यावरचा मजकूर फोनने टिपतो आणि मगच नवी शोधतो.

रॅमच्या किती जागा आहेत आणि त्यातल्या किती भरल्या आहेत, हे टास्क मॅनेजरच्या मेमरी भागातच लिहिलेले असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली (सोल्डर केलेली) असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच उरत नाही. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही. ८ जीबी घालूनही फरक पडला नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावे.

एसएसडी घेताना एम.२ या नावाने फसगत होते. एम.२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन वेगळे प्रकार येतात, आणि अनेक जुन्या लॅपटॉपची जागा त्यांपैकी एकच स्वीकारते. जिथे अडीच इंची हार्ड डिस्क आहे तिथे अडीच इंची साटा एसएसडी घेतली की हा गोंधळ उद्भवत नाही. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीवर वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही आणि दुसऱ्या आवृत्तीवर त्याच्या निम्माच मिळतो, त्यामुळे जुन्या लॅपटॉपसाठी महागातली एसएसडी घेण्यात अर्थ नसतो. त्यापेक्षा थोडी मोठी घ्यावी, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

बदलताना आणि उघडताना

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर करण्याआधी, डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या संशयित भागांचा, आकडा पाहावा. तो शून्य नसेल तर आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढाव्यात आणि मग नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने बसवावी. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या कूटबद्ध करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असल्यास तिची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. बायोसमधील (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधील) ‘साटा मोड’ या सेटिंगला, नेमके काय होणार हे माहीत नसताना, हात लावू नये. विंडोज बसवल्यानंतर तो बदलला तर ती निळा पडदा दाखवून उघडायचीच थांबू शकते.

लॅपटॉप उघडताना पहिले काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचे असते. पंखा गरगरतो आणि थोड्या वेळाने वेग कोसळतो, असा प्रकार असेल तर पंखा आणि धातूच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला सापडतो. बाहेरून हवा मारल्याने तो बऱ्याचदा आणखी आत घट्ट बसतो, म्हणून पंखा सोडवून तो थर चिमट्याने उचलावा. हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून ठेवावीत.

विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते. अट चुकवून ती जुन्या लॅपटॉपवर बसवता येते, पण पुढची अपडेट मिळतीलच याची खात्री मिळत नाही, आणि ४ जीबी रॅमवर ती रेंगाळतेच. ब्राउझर, पत्रव्यवहार आणि लेखन एवढेच काम असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात की नाही एवढेच त्या वेळी तपासावे. पेन ड्राइव्हवरचा वेग पाहून मत बनवू नये.

ज्या लॅपटॉपमध्ये ३२ जीबीची ईएमएमसी (डिस्कऐवजी असलेल्या साध्या चिपवरची) साठवण आणि २ जीबी रॅम दोन्ही बोर्डावर डाखलेली आहे, त्यावर खर्च करू नये. बाकीच्यांमध्ये एसएसडी बसवल्यावर सुस्थितीतली हार्ड डिस्क मोकळी होते. यूएसबीच्या साध्या डब्यात घालून ती फाइलींची दुसरी प्रत ठेवायला वापरता येते, मात्र एकुलती एक प्रत तिच्या भरवशावर ठेवू नये.