अनुबियासचा तुकडा दगडावर बसवताना

अनुबियास या मत्स्यटाकीतल्या पाणवनस्पतीचं आडवं खोड कधीही वाळूत गाडू नका, ते सडतं. नव्या ब्लेडने त्याचे असे तुकडे करा की प्रत्येकावर तीन-चार पानं राहतील. मुळं दोन सेंटिमीटर ठेवून छाटा.

दगड मात्र पारखून घ्या. नदीतला काळा गोटा उत्तम. वणीकडचा चुनखडीचा दगड पाण्याचा जडपणा वाढवतो, आणि आपल्या बोअरचं पाणी बहुधा आधीच जड असतं. दगडावर लिंबू पिळा; फेस आला तर तो नको.

दगड कोरडा हवा, खोडाची खालची बाजूही टिपून घ्या. जेलसारख्या सुपरग्लूचा हरभऱ्याएवढा थेंब लावून अर्धा मिनिट दाबून धरा. पातळ ग्लू पानांवर ओघळतो, तो टाळा. पाण्यात ग्लू पांढरा पडतो, त्याने मासे दगावत नाहीत. ग्लू नसेल तर सुती दोरा बांधा. दोरा कुजेपर्यंत मुळं दगड धरतात.

हे काम मे महिन्यात काढू नका. तीस अंश सेल्सियसच्या वर गेलेल्या पाण्यात ताजा काप लवकर सडतो. खोड बोटाला मऊ लागलं, वास आला, की हिरव्या, टणक भागापर्यंत कापून टाका.