जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही घेताना गिअरबॉक्स कसा पारखावा

जुनी गाडी दाखवणारा माणूस बहुतेक वेळा ती आधीच सुरू करून ठेवतो आणि चौकापर्यंत दहा मिनिटांची चक्कर मारून आणतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नेमका याच मधल्या अवस्थेत सगळ्यात शहाण्यासारखा वागतो. त्याचं दुखणं दोन टोकांना बाहेर येतं: रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीत आणि तासभर चालून तापलेल्या गाडीत. थंडीत कडक झालेली सील (तेलाचा दाब अडवणाऱ्या रबरी कड्या) दाब लवकर धरत नाहीत. तापल्यावर पातळ झालेलं तेल झिजलेल्या सीलमधून निसटतं आणि क्लच घसरतात. म्हणून सकाळची वेळ ठरवा आणि गाडी सुरू करू नका, असं आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर परीक्षा दुसऱ्या दिवशी.

जाण्याआधी त्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते शोधून ठेवा. २०२०च्या क्रेटामध्येच १.५ डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे देणारा), १.५ पेट्रोलला सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला) आणि १.४ टर्बोला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचनी आळीपाळीने गिअर बदलणारा) आहे. इकोस्पोर्टच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये २०१७च्या बदलाआधी ड्राय, म्हणजे तेलात न बुडलेला, ड्युअल क्लच होता, नंतर टॉर्क कन्व्हर्टर आला. प्रत्येकाचं झिजणं वेगळं, त्यामुळे लक्षणंही वेगळी. खालची बरीचशी तपासणी टॉर्क कन्व्हर्टरसाठी आहे, कारण फॉर्च्युनर, एक्सयूव्ही५००, हॅरियर अशा मोठ्या गाड्यांत तोच असतो.

इंजिन सुरू करा आणि वाढलेला आरपीएम खाली बसेपर्यंत थांबा, नाहीतर निरोगी गाडीही झटका देईल. मग ब्रेक घट्ट दाबून पी (पार्क) वरून आर (रिव्हर्स), आर वरून एन (न्यूट्रल), एन वरून डी (ड्राइव्ह). प्रत्येक ठिकाणी गिअर धरल्याची हलकी जाणीव व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्सना तापलेल्या तेलावर एन ते डी १.२ सेकंद आणि एन ते आर १.५ सेकंद ही कमाल मर्यादा दिलेली आहे. थंडीत थोडं जास्त चालेल, पण दोन सेकंदांपुढे गेलं किंवा ॲक्सिलरेटर दिल्याशिवाय गाडी सरकेना, तर तेल कमी आहे किंवा आतली सील गेली आहेत. रिव्हर्सकडे विशेष लक्ष द्या. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सगळ्यात जास्त दाब लागतो, म्हणून अशक्तपणा तिथे आधी दिसतो.

पहिले दोन-तीन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलकाच ठेवा आणि नजर आरपीएमच्या काट्यावर. गिअर बदलताना काटा खाली यायला हवा. तो खाली येण्याआधी वर उसळला आणि वेग मात्र वाढला नाही, तर त्या गिअरचा क्लच घसरतोय. दुसऱ्यातून तिसऱ्यात जातानाची अशी उसळी हलक्या ॲक्सिलरेटरवर स्पष्ट दिसते. जोरात पळवताना ती आवाजात लपते, आणि गाडी जोरात पळवून दाखवण्याचा आग्रह यासाठीच नाकारायचा.

आता लॉक-अप क्लच, म्हणजे एकसारख्या वेगात टॉर्क कन्व्हर्टरला इंजिनशी थेट जोडणारा क्लच. ५० ते ८० च्या वेगात, सपाट रस्त्यावर, अगदी हलक्या ॲक्सिलरेटरने एकाच वेगाने चालवा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी सेकंद-दोन सेकंदांची थरथर येत असेल, तर उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. मागे गाडी नसताना. लॉक-अप सुटतो, आरपीएम थोडा वाढतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर दोष लॉक-अप क्लचचा किंवा खराब तेलाचा आहे. थांबली नाही, तर इंजिनचं मिसफायर, टायर किंवा ड्राइव्हशाफ्ट तपासा. सुरुवातीच्या अवस्थेतली थरथर कधीकधी नव्या तेलाने जाते, पण व्यवहार करताना ती जाणार नाही असंच धरून किंमत बोला.

तापवण्यासाठी किमान पाऊण तास हवा: एसी चालू, थोडी गर्दी आणि जमलं तर कात्रज किंवा खंबाटकीसारखा घाट. चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघा, मध्येच ॲक्सिलरेटर दाबून गिअर खाली पाडा, उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर लावून इंजिन गाडी धरून ठेवतंय का पाहा. परत आल्यावर सकाळची पी-आर-एन-डी चाचणी पुन्हा करा आणि चढावर रिव्हर्स घ्या. सकाळी ठीक आणि आता उशीर किंवा धक्का, असं असेल तर ती गाडी सोडा.

ड्राय ड्युअल क्लचची खरी परीक्षा गर्दीतच होते. वीसेक मिनिटं रेंगाळत चालवल्यावर निघताना थडथड होत असेल, तर क्लच झिजलेत किंवा जळालेत. सीव्हीटीत वेगासोबत चढत जाणारी शिटी आणि निघतानाची थरथर वाईट. आरपीएम एका जागी राहून वेग वाढणं हा तिचा स्वभाव आहे. एएमटीत, म्हणजे साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने हलवणाऱ्या प्रकारात, गिअर बदलताना मान डुलणारच. तिथे चढावरून निघताना क्लचचा वास येतो का, तेवढं बघा.

झटका आला की गिअरबॉक्सलाच दोष देऊ नका. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंट (त्याला धरून ठेवणारा रबरी आधार) फाटलं तरी डी-आर करताना धप्प आवाज येतो, आणि तो खर्च तुलनेने किरकोळ असतो. बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, दुसऱ्या माणसाला गाडीच्या बाजूला उभं करून डी-आर करा. इंजिन किती उचललं जातं ते त्याला दिसेल.

गाडी रॅम्पवर चढवा. पॅनचं गॅस्केट, कूलरच्या नळ्या, ॲक्सल सील आणि इंजिन-गिअरबॉक्सचा जोड ओला आहे का पाहा. बाकी खालचा भाग मळलेला आणि तेवढाच भाग धुतलेला असेल तर का, ते विचारा. अनेक नव्या गाड्यांत तेलासाठी डिपस्टिक नसते. ठरावीक तापमानाला चेक प्लग उघडूनच पातळी बघतात, म्हणून मेकॅनिक त्या गिअरबॉक्सचा जाणकार हवा. तांबूस-तपकिरी तेल चालेल. काळं आणि करपलेल्या वासाचं म्हणजे जळालेले क्लच. दुधाळ गुलाबी म्हणजे कूलंट किंवा पाणी आत गेलंय. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणला पुरात सापडलेल्या गाड्यांत पाणी ब्रीदरमधूनही (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) आत जाऊ शकतं, तेव्हा वायरिंगच्या कनेक्टरवरचा हिरवा गंजही शोधा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर गिअरबॉक्सचा कंट्रोल मॉड्यूलही वाचणारा हवा. गाडीच्या तपासणी-सॉकेटला लावायचे स्वस्त ओबीडी ॲडॉप्टर बहुधा इंजिनपाशीच थांबतात. त्यात पी०७०० हा कोड दिसला तर तो फक्त निरोप असतो, खरी तक्रार गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये असते. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०७४१ म्हणजे लॉक-अप नीट लागत नाही. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ जरूर वाचा. तिथे १५-२० किलोमीटर दिसले, तर कोणीतरी तुम्ही येण्याआधी पाटी कोरी केली आहे.

सर्व्हिसच्या बिलांत तेलाचा प्रकार आणि लिटर शोधा. ‘या गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायचं नसतं’ हे उत्तर मान्य करू नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. सगळं ठीक निघून गाडी घेतलीत, तर कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं तेल भरा. प्लग उघडून साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. त्यामुळे दोन-तीन हजार किलोमीटरनंतर तेच काम पुन्हा एकदा करून घ्या.