रुग्णालयातून माहिती फुटली? मग या चुका टाळा

“आईंची अँजिओग्राफी चौदा तारखेला झाली ना? विम्याचे पैसे परत यायचेत, ओटीपी सांगा.” फोनवरच्या भामट्यानं सांगितलेली तारीख अचूक असते, म्हणून माणूस फसतो. ओळखीतल्या एका काकू फसल्या नाहीत. पण संतापून त्यांनी नंबर ब्लॉक केला आणि कॉलची नोंदही पुसून टाकली. वकिलांनी पुढे पहिली तीच मागितली.

तेव्हा आधी काही पुसू नका. नंबर, वेळ, मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, बिल आणि डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. मग रुग्णालयाला लेखी विचारा: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली? काउंटरवर तोंडी भांडून हाती काही लागत नाही. प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

दुसरी चूक २५० कोटींच्या आकड्याला भुलण्याची. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातला हा कमाल दंड सरकारी तिजोरीत जातो, रुग्णाला त्यातला छदामही मिळत नाही. शिवाय रुग्णालयांवरची मुख्य बंधनं मे २०२७मध्ये लागू व्हायची आहेत.

भरपाई हवी असेल तर आज उपयोगाचं आहे ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ. वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील माहिती’त मोडतात आणि त्या सांभाळण्यात खासगी रुग्णालयानं हलगर्जी केली, तर नुकसानभरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. महाराष्ट्रात म्हणजे मंत्रालयात. दिवाणी कोर्टात गेलात तर याच कायद्याचं कलम ६१ आडवं येतं, असा दावा तिथं चालत नाही. मात्र नुकसान दाखवावं लागतं. ‘मनस्ताप झाला’ एवढ्यावर दावा लंगडा पडतो. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ४३-अ रद्द होणार आहे, म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका. (नव्या कायद्यात रुग्णाला भरपाईची सोयच ठेवलेली नाही; हा निर्णय मला तरी अजून पटलेला नाही.)

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षं. हॅकरनं माहिती चोरली असेल तर सेवेतील त्रुटी मांडावी लागते. रुग्णालयानंच यादी कुणाला दिली असेल तर ती थेट अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. तक्रार लिहिताना या दोन्हींची सरमिसळ करू नका. जिथं सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, त्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र हा रस्ता बंद. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात ठप्प झाले आणि कामकाज कागदावर आलं, तेव्हाही कलम ४३-अ हे ‘बॉडी कॉर्पोरेट’साठी, म्हणजे व्यापार-व्यवसाय करणाऱ्या कंपन्या-संस्थांसाठी, लिहिलेलं असल्याची अडचण होतीच.

खात्यातून पैसे गेले असतील तर वकील नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि रुग्णालयानं ‘सद्भावना’ म्हणून मोफत तपासणीचं कूपन पुढे केलं, तर सोबतच्या कागदावर सही करण्याआधी खालचा बारीक मजकूर वाचा. ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ हे वाक्य तिथंच असतं.